नदीवर राहायचं असेल तर आधी ओहोटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळचे दोडामार्गचे, नोकरी पणजीत. घरात तुम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. भाडं परवडेनासं झालंय आणि शिवोलीला शापोरा नदीत एक जुनी हाऊसबोट विकायला निघाली आहे. केरळी पद्धतीची, लाकडी, वीस मीटर लांब, आतापर्यंत पर्यटकांसाठी चाललेली. ती घेऊन पावसाळ्यासकट बारा महिने त्यावर राहता येईल का?

मी बावीस वर्षं खनिजाच्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर होतो. त्यानंतर नऊ वर्षं मी आणि माझी बायको मांडवीत एका साठ फुटी लोखंडी बोटीवर राहिलो. त्या अनुभवावरून सांगतो: पाण्यावर राहता येतं आणि चांगलं राहता येतं. पण भाडं वाचवायचं म्हणून बोट घेऊ नका, आणि ही बोट तर जागा नक्की झाल्याशिवाय अजिबात घेऊ नका. तुम्ही सगळे प्रश्न बोटीबद्दल विचारलेत. खोल्या किती, छप्पर कसं, इंजिन चालू आहे का. ती जिथे बांधायची तिथलं पाणी ओहोटीला कुठे जातं, हा प्रश्न तुमच्या यादीत नाही. नऊ वर्षांत आमच्यावर जे जे प्रसंग आले, त्यातले बहुतेक याच एका प्रश्नातून आले.

गोव्याच्या नद्यांना रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी दोन मीटरहून थोडं जास्तच वरखाली होतं. कोचीकडे उधाणालासुद्धा साधारण एक मीटरच. हा फरक ऐकायला लहान वाटतो, पण केरळची बोट इथे आणली की तिला रोज दुप्पट चढउतार सोसावा लागतो आणि ओढही त्या मानाने जोराची. भरतीला जी जागा तुम्हाला शांत तळ्यासारखी दिसली, तिथेच सहा तासांनी चिखल उघडा पडलेला असेल. त्या चिखलात जुन्या जाळ्यांचे तुटके खुंट, जांभा दगड, कधी एखाद्या बुडालेल्या होडीचा सांगाडा असतो. लाकडी तळ असल्या खुंटावर एकदा टेकला आणि वरून बोटीचं वजन आलं, की फळी गेलीच.

म्हणून अमावास्येला किंवा पौर्णिमेला, आणि त्याहून चांगलं म्हणजे त्यानंतर एक-दोन दिवसांनी, ओहोटीच्या तळाला तिथे उभे राहा. वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब तुमच्या आजोबांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाच-सहाला पाणी तळाला जातं. हा हिशेब सगळ्या किनाऱ्याला घड्याळासारखा लागू पडत नाही. नदीच्या मुखाशी एक वेळ, आत दहा किलोमीटरवर दुसरी. महिनाभर आपल्या जागेची वेळ वहीत लिहा, मग फरक आपोआप कळेल. दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एक जास्त खोल उतरते. ती नेमकी पहाटेची असली तर पहाटे उठून बघा. विकणारा माणूस तुम्हाला भरतीलाच बोलावेल.

आमच्या पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो. सावंतवाडीला लग्न होतं. दुपारी भरती भरलेली, मी घाईत बोट धक्क्याला चार दोरांनी घट्ट बांधली आणि निघालो. बावीस वर्षं बार्जवर काढलेला माणूस, पण बार्जवर दोर ढिले-घट्ट करायला रात्रंदिवस खलाशी असायचे. इथे कोणी नव्हतं. पाणी उतरत गेलं आणि बोट दोरांना लटकली. एका बाजूचा दोर तुटला, बोट कलली, सांडपाण्याच्या नळाचं तोंड पाण्याखाली गेलं आणि तिथून रात्रभर पाणी आत आलं. दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा गाद्या तरंगत होत्या. शेजारच्या होडीवाल्याने पहाटे बघून उरलेले दोर सैल केले नसते, तर बोटच गेली असती. त्यानंतर मी धक्क्यात दोन उभे लोखंडी पाइप बसवून घेतले आणि बोटीच्या कड्या त्यांत अडकवल्या. पाण्याबरोबर कड्या वरखाली सरकतात, दोराला हात लावावा लागत नाही. तुम्ही काहीही करा, पण ही सोय पहिल्या दिवसापासून हवी. शिवाय बोटीला बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक नळाला बंद करता येणारा व्हॉल्व्ह, आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, पाणी साचलं की आपोआप सुरू होणारा पंप. तोही एक नाही, दोन, आणि दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या.

आता बोटीबद्दल. केरळी बांधणीच्या बोटीत फळ्या काथ्याने शिवलेल्या असतात, वर काजूच्या टरफलाच्या तेलाचा लेप. फार सुंदर काम असतं ते आणि तिथल्या पाण्यासाठी शहाणपणाचंही आहे. पण त्यांच्या बोटींना उंच चटयांचं छप्पर असतं आणि तळ उथळ. जूनमधला आपला वारा त्या छपराला शिडासारखा पकडतो. दुसरं, लाकूड पोखरणारा किडा. खाऱ्या पाण्यात तो फळीत शिरतो तेव्हा बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत अख्खी फळी मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. म्हणून बोट पाण्यात असताना बघून किंमत ठरवू नका. कुठल्याही बार्ज दुरुस्तीच्या यार्डात ती ओढून घ्या, दोन दिवस वाळू द्या, मग जाणता सुतार बरोबर घेऊन प्रत्येक फळीवर हातोडीने ठोका. आवाज भरीव यायला हवा. तळाजवळच्या फळ्यांत बारीक सळई टोचून बघा. विकणारा ओढायला तयार नसेल, तर उत्तर तिथेच मिळालं.

जुन्या होडीवाल्यांचा एक उपाय अजून खरा ठरतो: काही आठवडे बोट गोड्या पाण्यात नेऊन ठेवायची. किडा आणि तळाला चिकटलेले खाऱ्या पाण्यातले जीव बरेचसे मरतात. आपल्या नद्यांत हे काम पावसाळाच करतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुखापर्यंत वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं, आणि एप्रिल-मे महिन्यात खारं पाणी आत खूप दूरवर चढतं. मांडवीत भरतीचा परिणाम गांज्यापर्यंत, म्हणजे मुखापासून जवळपास पन्नास किलोमीटर जाणवतो. एकाच जागी बांधलेली बोट वर्षभरात दोन वेगळ्या नद्यांत राहून येते. लाकूड, लोखंड, रंग, सगळं याच हिशेबाने निवडावं लागतं.

मला विचाराल तर कायम राहायला मी लोखंडी तळ घेईन. सहा मिलिमीटरची प्लेट साडेचारवर आली असेल तर ती बदलायची, हे जाडी मोजायच्या यंत्राने यार्डात तासाभरात कळतं. दर दोन वर्षांनी ओढायची, घासायची, रंगवायची, लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे ठोकळे बदलायचे. काठावरून वीज घेणार असाल तर हे ठोकळे अपेक्षेपेक्षा फार लवकर खपतात, कारण शेजारच्या बोटींशी तारेतून जोडले गेल्यावर तुमचं लोखंड त्यांच्यासाठी झिजायला लागतं. मध्ये काठाच्या आणि बोटीच्या तारा एकमेकींपासून तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला की हे थांबतं. खर्चिक आहे, पण करा.

पावसाळा. तिळारी धरणातून पाणी सोडलं की शापोऱ्याचं पाणी चढतं, हे दोडामार्गच्या माणसाला मी सांगायला नको. त्या दिवसांत भरती असूनही ओढ समुद्राकडेच असते. वरून केळीचे खुंट, माड, बांबूची बेटं, प्लास्टिकचे ढीग वाहत येतात आणि नांगराच्या साखळीला अडकतात. एका रात्रीत एवढा कचरा अडकतो की नांगर घसरायला लागतो. मी पावसाळ्यात दोन नांगर टाकायचो, एक वरच्या अंगाला, एक खालच्या, आणि साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडायचो. रोज सकाळी चहाआधी साखळी मोकळी करायची. पहिल्या पावसाळ्यात मी महिनाभर सलग सहा तास झोपलो नव्हतो. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बायको माहेरी आणि मी बोटीवर, असा आमचा नियम होता. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मी आदल्या दिवशीच बोट आत एका वळणात नेऊन ठेवली होती. गोव्यात झाडं पडून ठिकठिकाणी वीज गेली. आमच्याकडे सोलरवर दिवे होते, पण त्या रात्री दिव्याचं सुख मनात आलं नाही, कान सगळा साखळीच्या आवाजाकडे होता.

पावसाळ्यात बोट हलवून दुसरीकडे नेऊ, असा विचार करू नका. आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यामुळे मांडवीचं तोंड त्या महिन्यांत धोक्याचं होतं. आम्ही बार्ज घेऊन मुरगावला जायचो ते कुंभारजुव्याच्या कालव्यातून, झुवारीत उतरून. जुलै २०१७ मध्ये एक कॅसिनो जहाज तोंडातून आत आणताना मिरामारला वाळूत रुतलं आणि पुष्कळ दिवस तिथेच होतं. एवढ्या मोठ्या जहाजाची ही गत. शापोऱ्याच्या तोंडाशीही वाळू आहेच. म्हणजे जिथे मे महिन्यात बांधाल तिथेच ऑक्टोबरपर्यंत राहायचं, हे धरून चाला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नदीचा काठ रिकामा दिसतो, पण तो कोणाचा तरी असतो. बांधाच्या आत खाजन शेती, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून केलेली शेती आहे, तिथे कुळांची संघटना आहे, मानशीवर, म्हणजे बांधाच्या झडपेवर, मासेमारीचा हक्क पावणीत (लिलावात) घेतलेला माणूस आहे, पात्रात खुंट मारून जाळी लावणारी घरं आहेत. तुमची बोट त्यांच्या खुटावणीच्या ओढीत आली तर त्यांचं जाळं महिनाभर रिकामं येईल. इंजिनाच्या लाटांनी खाजनाचे बांध धुपतात, हे आम्ही बार्जवाल्यांनी वर्षानुवर्षं केलेलं नुकसान आहे आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. तिवरांना दोर बांधू नका. एक तर तिवरांचा पट्टा किनारी नियमांत सगळ्यात कडक संरक्षणात येतो, आणि दुसरं म्हणजे वाऱ्यात बोटीने ओढलेलं झाड मुळासकट सुटतं आणि त्यामागचा बांध उघडा पडतो.

आणि संडास. ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या आणि खुबे काढतात, हे तुम्ही पाहिलं असेल. हे जीव पाणी गाळून जगतात. तुमच्या बोटीतून जे पाण्यात जाईल ते त्यांच्या पोटात जाईल आणि तिथून कोणाच्या तरी सुक्क्यात. पर्यटक बोटींच्या टाक्या कागदावर असतात, पण तळाशी एक गुपचूप व्हॉल्व्ह नदीत उघडणारा सापडतो. बोट ओढाल तेव्हा तो शोधा आणि वेल्डरकडून किंवा सुताराकडून कायमचा बंद करून घ्या. आम्ही आठशे लिटरची टाकी बसवली होती. ती रिकामी करायला टँकर धक्क्यापर्यंत यायला हवा, म्हणून जागा निवडताना रस्ता बघा. भांड्यांच्या पाण्यासाठी साधा साबण, तेलकट खरकटं कागदाने पुसून मग धुणं. माझ्या बायकोने हे पहिल्या आठवड्यात ठरवलं, आणि मला वाटतं त्यामुळेच काठावरच्या घरांनी आम्हाला आपलं मानलं. चतुर्थीला आम्ही त्यांच्याकडे, नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला ती माणसं आमच्या डेकवर.

कागदपत्रांचं लवकर सांगतो. आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला, विमा, हे तिन्ही चालू आहेत का ते बघा, आणि पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या, म्हणजे बंदर खात्याच्या, कचेरीत स्वतः जाऊन बोटीचा नंबर देऊन विचारा. पर्यटकांच्या व्यवसायाचा परवाना म्हणजे राहायचा परवाना नव्हे. बांधायच्या जागेची परवानगी बोटीबरोबर विकली जाते असं कोणी म्हणालं, तर ते लेखी मागा आणि कचेरीत दाखवा. पंचायतीलाही भेटा. आधार, गॅस, शाळेचा दाखला, या सगळ्याला जमिनीवरचा पत्ता लागतो. आम्ही नातेवाइकांकडे एक खोली ठेवली होती. तुम्हालाही ठेवावी लागेल, आणि तिचं भाडं हिशेबात धरा.

पाणी तिघांना काटकसरीने दिवसाला दीडशे लिटर लागेल. हजार लिटरची टाकी म्हणजे सहा दिवस, आणि म्हणजे एक टन वजन. ते खाली आणि मधोमध असायला हवं, छपरावर काळी टाकी ठेवली तर बोट डोलायला लागेल. एक किलोवॅटचं सोलर हिवाळ्यात दिवसाला चारेक युनिट देतं, जुलैत त्याहून बरंच कमी. पंखे, दिवे, लहान फ्रिज एवढं भागतं, एसी विसरा.

गॅसबद्दल मात्र थांबून वाचा. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून थोडाफार बाहेर जाऊ शकतो. बोटीत त्याला बाहेर जायला वाट नाही, तो तळाशी बिल्जमध्ये जाऊन साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर कधीही आत ठेवू नका. डेकवर, उन्हापासून झाकलेल्या पेटीत, आणि त्या पेटीला तळाशी बोटीबाहेर उघडणारं भोक. स्वयंपाक झाला की नुसती शेगडी नव्हे, सिलिंडरच बंद. आम्ही दर पावसाळ्याआधी नळी बदलायचो, ती जुनी दिसो वा न दिसो.

मुलीसाठी: सगळ्या कठड्यांना जाळी, डेकवर पाय ठेवला की लाइफ जॅकेट, यात पाहुणे आले तरी सूट नाही. पोहायला शिकवाच, पण पोहता येतं म्हणून निर्धास्त होऊ नका. ओहोटीच्या ओढीत मोठा माणूससुद्धा दोन मिनिटांत शंभर मीटर लांब जातो. बोटीची बाजू पाण्यातून उंच असते, धरायला काही नसतं, म्हणून मागच्या बाजूला एक शिडी कायम पाण्यात सोडलेली हवी. आणि तुमच्यासाठी: रात्री डेकच्या कडेला लघवीला उभं राहायचं नाही. बार्जवरची जी माणसं पाण्यात गेलेली मला माहीत आहेत, त्यातली निम्मी अशीच गेली.

कधी कुंभारजुव्याच्या कालव्याकडे बोट न्यायचा विचार असेल तर तिथे मगरी आहेत. त्या भागातले लोक पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, मानगे थापणी म्हणतात तिला. तिच्या शेजारी राहायची रीत त्यांनी बसवली आहे. मासे साफ करून पोटं बोटीवरून टाकू नयेत, पाय सोडून बसू नये, एवढं तुम्हीही पाळा.

ओल सगळीकडे असेल. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तुम्ही त्याच्या मधोमध असाल. कपाटं भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं वारा खेळायला जागा ठेवा. पुस्तकं आणि मुलीचे शाळेचे कपडे जमिनीवरच्या खोलीत.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी नको म्हणतोय. तसं नाही. नोव्हेंबरातल्या सकाळी पाण्यावर धुकं असताना चोडणच्या तिवरांतून बगळे उठायचे आणि बायको डेकवर चहा घेऊन बसलेली असायची. नऊ वर्षांत त्या सकाळीचा कंटाळा आला नाही. गुडघे दुखायला लागले म्हणून उतरलो, नाहीतर अजून तिथेच असतो.

बयाणा आत्ता देऊ नका. येत्या अमावास्येनंतरच्या दिवशी वहिनींना घेऊन शिवोलीला जा, संध्याकाळी पाच-सहाला, पाणी तळाला असताना. चिखल किती उघडा पडतो, बोट टेकते का, टेकली तर कशावर, याचे फोटो काढा. जवळ जो कोणी जाळं लावत असेल त्याच्याशी अर्धा तास बोला, त्याला विचारा की मागच्या पावसाळ्यात या जागी पाणी कुठवर आलं होतं. मग मालकाला सांगा की बोट यार्डात ओढायचा खर्च निम्मा निम्मा. तो हो म्हणाला आणि तळ चांगला निघाला, तर जानेवारी ते मे ती भाड्याने मागा आणि राहून बघा. पाऊस सुरू झाला की जून-जुलै तुम्ही एकटे बोटीवर, आणि वहिनी आणि मुलगी जमिनीवरच्या खोलीत. दर शनिवारी त्यांना दिवसा बोटीवर आणा. ऑगस्टमध्ये वहिनींना विचारा, आणि त्या जे म्हणतील त्याप्रमाणे व्यवहार करा.